सोलापुरात लॉन दाट कसं करायचं : थंडीनंतरची पेरणी आणि तणांचा बंदोबस्त

संक्रांत झाली, गड्ड्याची जत्रा उठली, सकाळचा गारवा कमी झाला, की जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड या भागांतल्या बंगल्यांपुढच्या लॉनची खरी अवस्था दिसायला लागते. मधेमधे टक्कल पडलेलं असतं, कडेला लव्हाळा उभा असतो आणि हिरवं वाटतं त्यातलं निम्मं घोळ, दुधी, आंबुटी असं तणच असतं. हे लॉन उखडून नवं कार्पेट (तयार गवताची चटई) अंथरायची बहुतेक वेळा गरज नसते. आहे त्याच गवतात नवं बी फोकून किंवा ठोंब लावून ते दाट करता येतं. खर्च कमी लागतो. वेळ मात्र अचूक साधावी लागते.

इंटरनेटवर या कामाबद्दल जे सापडतं, ते बहुतेक थंड देशांसाठी लिहिलेलं असतं. तिथे बर्फ वितळल्यावर वसंतात राई, फेस्क्यू, केंटकी ब्लू ही गवतं पेरतात, कारण पेरणीनंतर त्यांना दोन-तीन महिने सौम्य हवा मिळते. आपल्याकडे वसंत सुरू होतो न होतो तोच पारा चाळिशीला टेकतो. तीच पाकिटं मागवून इथे पेरली तर राई गवत आठवड्यात छान उगवतं आणि एप्रिलमध्ये जळून जातं. त्या लेखांमधला चुना टाकायचा सल्लाही आपल्या कामाचा नाही. तो आम्ल जमिनींसाठी आहे. सोलापूरच्या काळ्या मातीत चुनखडी मुळातच भरपूर आहे.

सगळ्यात आधी पाण्याचा हिशोब

बी विकत घेण्याआधी कागद-पेन घेऊन बसा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिल-मे महिन्यांत इथल्या उन्हात हरळीच्या जातीच्या लॉनला रोज चौरस मीटरला साधारण ५ ते ६ लिटर पाणी लागतं. ५०० चौरस फूट लॉन म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर, म्हणजे रोज २३० ते २८० लिटर. हजार लिटरची टाकी जेमतेम चार दिवस पुरते. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात हा आकडा डोळ्यांसमोर असलाच पाहिजे.

पेरणीनंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांत एकूण पाणी यापेक्षा थोडं कमी लागतं, पण ते दिवसातून तीन-चार वेळा द्यावं लागतं, आणि त्यातली एक वेळ भर दुपारची. त्या वेळी घरी कुणी नसेल तर टायमरवर चालणारे फॉगर बसवा, नाहीतर पेरणी पावसाळ्यावर ढकला. अर्धवट ओलीत उगवलेलं रोप एका दुपारच्या उन्हात मरतं आणि पुन्हा उठत नाही.

पाणी कोणतं, हेही बघा. मुरलेल्या हरळीला खारट बोअर बऱ्यापैकी चालतो, पण उगवत्या रोपाला चालत नाही. बादलीच्या कडेला पांढरा थर धरत असेल किंवा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटर १५०० च्या वर दाखवत असेल, तर निदान पहिले तीन आठवडे नळाचं किंवा साठवलेलं पाणी द्या. आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी आणि वॉशिंग मशीनचं साबणाचं पाणी लॉनवर सोडू नका. साबणातल्या सोडियममुळे काळी माती आणखी घट्ट होते आणि वर पापडी धरते.

पाण्याची खात्री असेल तर पेरणीचा काळ फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत. होळीच्या आत बी जमिनीत गेलेलं असावं. कारण साधं आहे: बी उगवायला आठ-दहा दिवस आणि रोपाची मुळं खाली जायला निदान सहा आठवडे लागतात. ती मुळं मेच्या सुरुवातीपर्यंत तयार हवीत. पाडव्यानंतर पेरायला घेतलं तर ही सवड उरत नाही.

दुसरी वेळ म्हणजे मृगानंतर दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन मुरली की, तिथपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. इथला वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा. जून-जुलैत पावसाचा खंड पडतोच, म्हणून पावसाळी पेरणी केली तरी नळी तयार ठेवावी लागते. सप्टेंबरच्या मोठ्या सरींत उघड्या जागेवरचं बी वाहून एका कोपऱ्यात जमा होतं, त्यामुळे तो महिना टाळा.

तुमच्याकडे कोणतं गवत आहे

हे न बघता बी पेरलं तर लॉनवर दोन रंगांचे ठिगळ दिसतात आणि ते वर्षानुवर्षं जात नाहीत.

पानं बारीक, मऊ, गर्द हिरवी, वाढ जलद आणि जमिनीवर सरपटणाऱ्या कांड्या असतील तर ते हरळीच्या कुळातलं आहे. नर्सरीत याच कुळातलं निवडक गवत ‘सिलेक्शन वन’ नावाने मिळतं. अनवाणी पायाला टोचणारं, ताठ, दाट आणि फार हळू वाढणारं असेल तर ते बहुधा ‘मेक्सिकन’. रुंद पानाचं, फिकट, सावलीत टिकणारं असेल तर ते कार्पेट गवत.

बी पेरून दाट करायची पद्धत मुख्यतः साध्या हरळीच्या लॉनला लागू पडते. सिलेक्शन वन आणि मेक्सिकन बियांपासून नव्हे, ठोंबांपासूनच वाढवतात. लॉनच्या कडेचा दाट भाग खुरप्याने उचलून, मुळांसकट दोन-तीन कांड्यांचे तुकडे करून टकलावर ७ ते १० सेंटिमीटर अंतरावर लावायचे. एक चौरस फूट दाट लॉनमधून दहा-बारा चौरस फूट टक्कल भरण्याइतके ठोंब सहज निघतात. मेक्सिकन गवत मिळून यायला मात्र आठ-दहा महिने लागतात. घाई असेल तर तेवढ्या भागापुरता मेक्सिकनच्याच तयार चटईचा तुकडा आणून बसवा.

टक्कल का पडलं ते शोधा

कारण तसंच ठेवून पेरलं तर त्याच जागी पुन्हा टक्कल पडतं. लॉनमध्ये फिरून एवढं तपासा.

एक लांब स्क्रू ड्रायव्हर ओल्या जमिनीत दाबा. बोटभरही गेला नाही तर खाली माती दाबली गेली आहे किंवा बांधकामाचा राडारोडा आहे. नव्या बंगल्यांत हे नेहमीचं आहे: वर सहा इंच काळी माती आणि खाली मुरूम, सिमेंटचा गाळ, विटांचे तुकडे. हाताने खणून एक फुटापर्यंत तो राडा काढल्याशिवाय त्या जागी काहीही टिकणार नाही.

टकलाच्या कडेचं गवत मुठीत धरून हलकेच ओढा. चटईसारखं उचललं गेलं तर मुळं कुणीतरी खाल्ली आहेत. फूटभर चौकोन चार इंच खणून बघा. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वाकलेली पांढरी अळी सापडली तर ती हुमणी. एका चौरस फुटात एखादी असेल तर काळजी नको. पाच-सहा असतील तर आधी तिचा बंदोबस्त, मग पेरणी. हुमणी आणि वाळवी दोन्ही बहुधा अर्धकच्च्या शेणखतातून येतात, हे पुढे खत आणताना आठवा.

कडुलिंब किंवा आंब्याखाली टक्कल असेल तर बी वाया घालवू नका. हरळीला रोज निदान सहा तास थेट ऊन लागतं. तिथे कार्पेट गवत लावा किंवा शहाबादी फरशीचे तुकडे टाकून जागा बसायला करा. गाडी वळवताना चाक जातं त्या पट्ट्यालाही तीच युक्ती.

आणि जिथे कारण काहीच दिसत नाही, तिथे बहुतेक वेळा फार खाली केलेली कापणी हे कारण असतं. दर आठवड्याला जमिनीलगत भादरलेल्या हरळीला अन्न करायला पान उरत नाही, मुळं आखूड राहतात, आणि मोकळ्या जागेत उन्हं थेट मातीवर पडून तणाचं बी जागं होतं. तण ही बहुतेक वेळा विरळ लॉनची खूण असते. लॉन दाट झालं की निम्मं तण उगवतच नाही.

पेरणी आणि तणनाशक एकत्र चालत नाही

नवख्या माणसाची सर्वांत मोठी चूक इथे होते. ‘तण उगवूच नये’ म्हणून मारलं जाणारं पेंडिमिथॅलिनसारखं औषध उगवणाऱ्या कोंबाला मारतं. तो कोंब गाजर गवताचा आहे की तुम्ही पैसे देऊन आणलेल्या हरळीचा, हे त्याला कळत नाही. त्याचा परिणाम दोन-तीन महिने राहतो. त्यामुळे एका हंगामात एकच ठरवा: पेरायचं, की उगवणीपूर्वीचं तणनाशक मारायचं. लॉन विरळ असेल तर पेरा. लॉन दाट आहे पण पावसाळ्यात बारीक तण फार येतं, अशा ठिकाणी दुसरा मार्ग.

उगवलेल्या तणावर मारायच्या औषधांनाही सवड द्यावी लागते. रुंद पानाच्या तणासाठी २,४-डी मारलं तर पेरणी निदान चार आठवड्यांनी. पेरणीनंतर नव्या गवताची तीन-चार वेळा कापणी होईपर्यंत त्यावर कोणतंच तणनाशक नाही. म्हणजे फेब्रुवारीच्या मध्याला पेरायचं तर फवारणी जानेवारीच्या मध्यापूर्वीच झालेली हवी. ती राहून गेली असेल तर या वर्षी खुरपं घ्या. ५०० चौरस फुटांना दोन माणसांची एक सकाळ पुरते.

हाताने काढायची तणं, प्रत्येकाची रीत वेगळी

भांगलण करायच्या आदल्या संध्याकाळी लॉन भिजवा. सकाळी वाफसा आलेला असतो, मुळं अखंड येतात.

सराटा जमिनीसरशी चक्रासारखा पसरतो. फांद्या ओढत बसू नका, मधलं सोटमूळ शोधून खुरप्याने मातीखाली दोन बोटं कापा, सगळं चक्र एका हातात येतं. काटे धरलेले असतील तर झाड उचलल्यावर त्या जागेवर ओलं गोणपाट पसरून वरून चाला. पडलेले काटे त्यात अडकतात. न काढलेला काटा म्हणजे पुढच्या काही वर्षांचं बी.

घोळ आणि केना तोडून तिथेच टाकले तर तुकड्यातुकड्याला मुळं फुटतात. काढलं की घमेल्यात, आणि घमेलं लॉनबाहेर. घोळीची भाजी करणाऱ्यांनी ती ज्या लॉनवर कधीच फवारणी झालेली नाही तिथूनच घ्यावी.

गाजर गवत फुलायच्या आत उपटा. हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यात, कारण त्याने कातडीला खाज, चट्टे आणि काहींना दम्याचा त्रास होतो. फुलं आलेलं झाड कंपोस्टमध्ये टाकू नका, एका झाडावर हजारो बिया असतात.

लव्हाळा मात्र उपटण्याने वाढतो. खोड दोन बोटांत फिरवून बघा, तिकोनी लागलं की तो लव्हाळाच. जमिनीखाली त्याच्या काळ्या गाठी साखळीने जोडलेल्या असतात. पान ओढलं की साखळी तुटते आणि मागे राहिलेली प्रत्येक गाठ स्वतंत्र फुटते. थोडा असेल तर कुदळीने सहा-आठ इंच खोल माती उचलून, चाळून गाठी वेचा. एखादा कोपरा पूर्ण त्यानेच भरला असेल तर तिथे आत्ता पेरू नका. तो कोपरा एप्रिल-मेमध्ये खणून ढेकळं उघडी टाका, आठवड्याला एकदा खालीवर करा आणि थेंबभरही पाणी देऊ नका. सोलापूरचं मे महिन्याचं ऊन गाठी वाळवून मारतं. शेतकरी उन्हाळी नांगरट करतात ती यासाठीही. जूनमध्ये तिथे ठोंब लावा.

साहित्य

४६ चौरस मीटरच्या लॉनमध्ये समजा १०० चौरस फूट पूर्ण टक्कल आणि २०० चौरस फूट विरळ आहे. टकलाला चौरस मीटरला १० ग्रॅम, विरळ भागाला ५ ग्रॅम बी. म्हणजे दोन्ही मिळून साधारण १९० ग्रॅम. पाव किलोचं पाकीट पुरतं, उरलेलं दुसऱ्या हप्त्याला.

सालपट काढलेलं बी मागा. ते सात-दहा दिवसांत उगवतं, सालासकट असलेलं दोन-तीन आठवडे घेतं आणि तेवढे दिवस जास्त पाणी द्यावं लागतं. पाकिटावरची तारीख बघा, आणि पेरायच्या दोन आठवडे आधी घरी उगवण तपासा: ओल्या सुती फडक्यात १०० बिया मोजून ठेवा, फडकं ताटलीत, वर दुसरी ताटली, जागा उबदार. दहा-बारा दिवसांत ८० उगवल्या तर वरचं प्रमाण बरोबर. ५० उगवल्या तर बी दीडपट घ्या. चाळिशीच्या खाली असेल तर पाकीट परत करा.

वर पसरायला माती, नदीची किंवा धुतलेली कृत्रिम वाळू आणि पूर्ण कुजलेलं शेणखत समप्रमाणात. क्रशरची धूळ असलेली कच नको, ती ओली झाली की सिमेंटसारखी बसते. नुसती वाळूही नको: काळ्या मातीवर वाळूचा वेगळा थर झाला की पाणी त्या दोन थरांच्या मधेच अडकतं. सहा मिलिमीटर जाडीचा थर पूर्ण ५०० फुटांवर द्यायचा तर सुमारे १० घनफूट मिश्रण लागतं, म्हणजे ब्रासचा दहावा भाग, वीसेक घमेली.

शेणखत हातात घेऊन वास घ्या. शेणाचा वास आला किंवा गरम लागलं तर ते कच्चं आहे. कच्च्या खतात जनावराच्या पोटातून न पचता आलेलं तणाचं बी असतं, म्हणजे पैसे देऊन तण विकत घेतल्यासारखं होतं. चांगलं खत मिळालं नाही तर गांडूळ खत वापरा.

याशिवाय सिंगल सुपर फॉस्फेट चौरस मीटरला २५ ग्रॅम, निंबोळी पेंड ५० ग्रॅम, दाताळं, १० किंवा १२ मिलिमीटरची टोकदार सळई, चाळण, बारीक छिद्राची झारी आणि जुनी स्वच्छ गोणपाटं.

पेरणी, क्रमाने

१. जुनं गवत १५ ते २० मिलिमीटरपर्यंत कापा. एरवी इतकं खाली कापायचं नसतं. आत्ता बी मातीपर्यंत पोचायला आणि कोंबाला ऊन मिळायला हे लागतं. कापलेलं सगळं गोळा करा.

२. दाताळ्याने दोन्ही दिशांनी जोर लावून खरवडा. गवताखालचा वाळका गादीसारखा थर वर येईल. तो काढत राहा, मातीचा पृष्ठभाग डोळ्यांना दिसला पाहिजे. वाळक्या थरावर पडलेलं बी उगवतं, पण मूळ मातीला टेकत नाही आणि रोप दोन दिवसांत सुकतं.

३. लॉनला पाणी द्या आणि वाफसा येईपर्यंत थांबा. मूठभर माती दाबून गोळा करा, कमरेइतक्या उंचीवरून सोडा. गोळा फुटला तर काम सुरू करा. लाडूसारखा तसाच राहिला तर अजून एक दिवस. ओल्या काळ्या मातीवर काम केलं की ती विटेसारखी वाळते, मग वर्षभर ती दुरुस्त होत नाही.

४. सळईने १५ सेंटिमीटर अंतरावर ८ ते १० सेंटिमीटर खोल छिद्रं पाडा. कंटाळवाणं काम आहे, पण घट्ट जमिनीत हवा आणि पाणी खाली न्यायचा याहून स्वस्त उपाय नाही. टकलाची जागा वरची दोन इंच पूर्ण खुरपून भुसभुशीत करा.

५. सुपर फॉस्फेट आणि निंबोळी पेंड पसरून दाताळ्याने मिसळा. युरिया आत्ता नाही. तो जुन्या गवताला आणि तणाला उचलतो आणि नवा कोंब सावलीत जातो.

६. बी फार बारीक असतं, एका ग्रॅममध्ये हजारो. ते पाचपट कोरड्या वाळूत नीट मिसळा आणि मिश्रणाचे दोन भाग करा. एक भाग पूर्व-पश्चिम चालत फोका, दुसरा दक्षिण-उत्तर. वारा नसलेली सकाळ धरा.

७. वरून चाळलेलं मिश्रण पसरा. टकलावर जेमतेम अर्धा सेंटिमीटर, विरळ भागात गवताची टोकं दिसत राहतील इतकंच. एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेलेलं हरळीचं बी वर येत नाही.

८. हलका रोलर फिरवा, नसेल तर फळी ठेवून त्यावर चाला. बी मातीला घट्ट टेकलं पाहिजे.

९. टकलांवर भिजवलेली गोणपाटं अंथरून कडांना दगड ठेवा. चिमण्या, मुंग्या आणि दुपारचं ऊन तिन्हींपासून राखण होते. मुंग्यांची रांग दिसली तर वारुळापर्यंत जाऊन तिथेच उपाय करा. पूर्ण लॉनवर पावडर टाकायची गरज नाही.

पहिले सहा आठवडे

पहिले दहा-बारा दिवस माती सतत ओलसर हवी, चिखल नको. सकाळी, दुपारी बाराला, तीनला आणि संध्याकाळी उन्हं उतरताना झारीने किंवा बारीक फवाऱ्याने चौरस मीटरला एक-एक लिटर. नळी थेट सोडली की बी वाहून खड्ड्यांत जमतं, तिथे झुपके येतात आणि बाकी जागा मोकळी राहते.

पाचव्या दिवसापासून रोज गोणपाट उचलून बघा. पांढरट-हिरवे कोंब दिसले की त्याच संध्याकाळी गोणपाट काढा. एक दिवस उशीर झाला तर कोंब गोणपाटाच्या विणीत अडकतात आणि काढताना उपटून येतात. सकाळी काढू नका, त्या दिवसाचं ऊन त्यांना झेपत नाही. मार्च कडक निघाला तर चार खुंट्या ठोकून दोन फूट उंचीवर ५० टक्क्यांची हिरवी जाळी आठवडाभर दुपारपुरती लावा.

तिसऱ्या आठवड्यात पाण्याच्या वेळा दोनवर आणा, पण प्रत्येक वेळी जास्त द्या. पाचव्या आठवड्यापासून रोज पहाटे एकदाच, खोलवर. थोडं-थोडं पाणी देत राहिलं तर मुळं वरच्या बोटभर मातीतच राहतात आणि मेमध्ये नळाला एक दिवस पाणी आलं नाही की लॉन पिवळं पडतं.

नवं गवत ४० ते ५० मिलिमीटर झालं की पहिली कापणी. जमीन कोरडी, पातं धारदार. बोथट पातं कोवळं रोप कापत नाही, मुळासकट ओढतं. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. नेहमीची उंची २५ ते ३० मिलिमीटर ठेवा, एप्रिल-मेमध्ये ३५ ते ४०.

दुसऱ्या कापणीनंतर युरिया, चौरस मीटरला ५ ग्रॅम. कोरड्या पानावर संध्याकाळी पसरा आणि लगेच भरपूर पाणी द्या. दाणा पानाला चिकटून राहिला तर पान जळतं. अंदाजाने मुठी टाकल्या की हिरवे-पिवळे पट्टे उठतात, म्हणून तोलून घ्या आणि वाळूत मिसळून टाका. मे महिन्यात युरिया नको.

पाणी, खत सगळं देऊनही पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, त्यामुळे मातीत टाकलेलं हिराकस (फेरस सल्फेट) वाया जातं. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून पानांवर फवारा. शहाबादी फरशीवर आणि पांढऱ्या भिंतीवर थेंब पडू देऊ नका, तांबूस डाग निघत नाही.

रासायनिक फवारणी लागलीच तर

मुरलेल्या, दाट हरळीत रुंद पानाचं तण हाताबाहेर गेलं असेल तरच. कृषी सेवा केंद्रात २,४-डी मागताना ‘अमाइन सॉल्ट ५८ टक्के’ असं स्पष्ट सांगा. एस्टर प्रकार घेऊ नका. उन्हात त्याची वाफ होते आणि ती कुंपणापलीकडे जाते. साधारण प्रमाण लिटरला अडीच मिली, १०० चौरस मीटरला ५ लिटर पाणी. बाटलीवरच्या पत्रकात कमी लिहिलं असेल तर तेच पाळा. तुळस, गुलाब, जास्वंद, पपई, टोमॅटो, शेजारचा द्राक्षाचा मांडव हे सगळे रुंद पानाचे आहेत. वाऱ्याने चार थेंब गेले तरी पानं वाकडी होतात. सकाळी नऊच्या आत, वारा पडलेला असताना, नोझल गुडघ्याच्या खाली ठेवून फवारा. तुळशी वृंदावनाच्या भोवती तीन-चार फूट जागा हातानेच भांगला.

आधी पंपात नुसतं पाणी भरून लॉनचा ठराविक भाग फवारून बघा आणि किती पाणी लागलं ते मोजा. हे मोजमाप न करता केलेल्या फवारणीत औषध दुप्पट पडतं आणि हरळीही पिवळी होते. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. धुऊनही राहिलेल्या अंशाने गुलाबाची झाडं गेल्याची तक्रार नेहमीची आहे.

लव्हाळ्यावर २,४-डी फक्त पान सुकवतं, गाठ जिवंत राहते. त्यासाठी उसात वापरतात ते हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के. त्याची शेतीतली मात्रा एकरी ३६ ग्रॅम, म्हणजे १०० चौरस मीटरला एक ग्रॅमही नाही. सोनाराच्या काट्यासारख्या छोट्या डिजिटल वजनकाट्यावरच मोजा. पाकिटावरचं पत्रक आपल्या लॉनसाठी लिहिलेलं नसतं, त्यामुळे आधी एका कोपऱ्यात वापरून तीन आठवडे थांबा. लव्हाळा चार-सहा पानांचा असताना मारलं की पंधरा-वीस दिवसांत तो पिवळा पडतो. सहा आठवड्यांनी जो फुटेल त्यावर दुसरा हात. ग्लायफोसेट लॉनच्या कामाचं नाही, ते हरळीसकट सगळं मारतं. शिवाय २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार ते घरगुती माणसाने स्वतः मारायचं नसून कीड नियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांमार्फतच वापरायचं आहे.

फवारलेल्या लॉनवर पान सुकेपर्यंत मुलं आणि कुत्रं-मांजर सोडू नका. त्या हंगामात तिथली दूर्वा गणपतीला तोडू नका आणि कापलेलं गवत गाईला किंवा शेळीला घालू नका. घरात दूर्वा लागत असेल तर एक कुंडी वेगळी लावा.

मेक्सिकन लॉनमध्ये घुसलेल्या हरळीला निवडून मारणारं औषध घरगुती वापरात नाही. ती कांडीकांडीने हातानेच काढावी लागते. वाफ्याच्या कडेने चार इंच खोल फरशीची पट्टी उभी गाडली तर तिला पुन्हा आत यायला बराच अटकाव होतो.

उरलेलं बी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह, घरातल्या सर्वांत गार खोलीत ठेवा. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेलं बी मे महिन्याच्या उष्णतेने निकामी होतं. जूनमध्ये राहिलेल्या टकलांवर पेरण्यापूर्वी शंभर बियांची फडक्यातली चाचणी पुन्हा घ्या.